मास्तरांचे खांदे

सरावाच्या चौथ्या दिवशी टेलर उभ्यानं जेवला.

"बसा की," बायको म्हणाली.

"उभ्यानं चांगलं पचतं."

"कालपर्यंत बसून पचत होतं."

ताट कपाटावर ठेवून, भिंतीकडे तोंड करून टेलर जेवत राहिला. बसायला घरात खुर्च्या दोन होत्या, पण ज्याच्यावर बसायचं ते निळं पडलं होतं.

सुरुवात मुलांच्या इस्पितळात झाली होती. टेलर तिथे शिवलेले पडदे पोचवायला गेला होता. दारावर कागद चिकटवला होता. मुलांच्या वॉर्डासाठी देणगी जमवायची म्हणून वीस माणसं परदेशात सायकल चालवणार होती. सहा दिवस, चारशे किलोमीटर. एकोणीस नावं झाली होती. टेलरने पडदे खुर्चीवर ठेवले आणि विसावं नाव लिहिलं. घरी विचारलं नाही.

त्या वॉर्डात खिडकीजवळ चार नंबरची खाट आहे. एकोणीस वर्षांपूर्वी टेलरची सात वर्षांची लेक त्या खाटेवर सत्तर दिवस होती. एकाहत्तराव्या दिवशी खाट रिकामी झाली. त्या सत्तर दिवसांत टेलर तिथे फार थोड्या वेळा गेला. दुकानात काम होतं, असं तो सांगायचा. काम होतंच. पण खरं म्हणजे त्याला त्या खाटेकडे बघवत नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आता सायकल चालवून ते फिटेल, असं त्याला वाटत नव्हतं. पण निदान पाय तरी दुखतील, एवढं त्याला पुरे होतं.

फॉर्मवर एक ओळ होती, 'सायकल चालवण्याचा अनुभव'. तिथे त्याने 'एकतीस वर्षं' असं लिहिलं. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. एकतीस वर्षं तो रोज आठ तास पायाने शिलाई मशीन चालवत आला होता. शेजारचा सायकल दुरुस्तीवाला त्याचा जुना मित्र. त्यालाही हे पटलं.

"मशीन आणि सायकल, फरक एवढाच," मित्र म्हणाला, "की मशीन जागचं हलत नाही."

"म्हणजे सायकल सोपीच की! मारलेला पाय फुकट तरी जात नाही."

पण पहिल्याच चढावर फरक ध्यानात आला. मशीनवर दोन्ही पाय एकाच पट्टीवर असतात, एकदम पुढे, एकदम मागे. गुडघा फारसा उचलावा लागत नाही. सायकलवर एक पाय खाली गेला की दुसरा वर जातो. टेलरचा डावा पाय मात्र उजव्याची वाट बघत थांबायचा, आणि दोघांची गाठ पडली नाही की सायकल गटाराकडे वळायची.

पुढची अडचण बसण्याची. सायकलवाले गादीची चड्डी घालतात, असं मित्राने सांगितलं. टेलरने दुकानात जाऊन एक उलटी करून पाहिली, शिवण बघितली आणि नाक मुरडून परत ठेवली. "ही शिवलीय की चिकटवलीय?" त्याने स्वतःच शिवायला घेतली. गादी म्हणून कोटाच्या खांद्यात घालायचे दोन पॅड बसवले. दोन कमी वाटले म्हणून आणखी दोन. दुकानात चारच होते.

त्या आठवड्यात शाळेचे मास्तर नवा कोट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी घालूनच परत आले.

"टेलर, माझे खांदे कुठे आहेत?"

टेलरने मान वर केली. मास्तरांचा कोट दोन्ही बाजूंनी ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

"मुलं विचारतात, सर बरं नाही का," मास्तर म्हणाले. "शाळेत पाहुणे येणार आहेत. मी त्यांच्यासमोर असा उभा राहू?"

"मास्तर, तुमचे खांदे वापरात आहेत," टेलर गंभीरपणे म्हणाला.

"कुणाच्या?"

टेलर स्टुलावर जरा सावरून बसला. "चांगल्या कामाला लागलेत. पंधरा दिवस द्या."

चांगल्या कामाला लागलेले ते खांदे घामाने फुगले आणि तिसऱ्याच दिवशी सरकले. तीन डावीकडे गेले, एक उजवीकडे राहिला. टेलर वाकडा बसू लागला. वाकडा बसल्याने उजवा गुडघा धरला आणि गुडघा धरल्याने तो लंगडू लागला.

बायको घरी बसून दुकानाची काज-बटणं करायची. पहिल्या दिवशी टेलर पाणी आणि डबा विसरला, तेव्हा ती आपल्या जुन्या काळ्या सायकलवर मागून आली. ना गियर, ना गादीची चड्डी. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

"अगं, अशी मागे मागे येऊ नकोस. लोक हसतात."

"मग पुढे जाते," ती म्हणाली, आणि गेली.

तेव्हापासून जिथून परत फिरायचं तिथे झाडाखाली ती आधीच बसलेली असे. थर्मासमध्ये चहा, मांडीवर कुणाचा तरी शर्ट, बटणं लावणं चाललेलं. ती आपल्या आधी कशी पोचते याचा टेलरने विचार केला होता. तिच्या हँडलला डबा आहे, वजनाने सायकल पळते, असं त्याने ठरवलं.

मग चाचणीचा दिवस आला. जुन्या पुलापर्यंत तीस किलोमीटर जाऊन परत यायचं. जो येईल तो जाणार, न येणाऱ्याची जागा रिकामी राहणार, आणि त्याच्या नावाची देणगीही बुडणार. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर पुलापाशी गाडी घेऊन थांबणार होत्या.

बावीस किलोमीटर टेलर नीट गेला. वाकडा, पण नीट. मग उतार आला. सायकल आपणहून पळू लागली आणि टेलरला वाटलं, जमलं बुवा! तेवढ्यात समोर रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं निवांत बसलेलं दिसलं.

मशीन थांबवायचं तर उजवा हात उचलायचा आणि तळवा बाजूच्या चाकावर ठेवायचा. एकतीस वर्षं हात हेच करत आला होता, डोक्याला विचारतही नव्हता. आताही त्याने विचारलं नाही. ब्रेक सोडून हात उचलला गेला आणि मोठ्या विश्वासाने चाकावर टेकायला गेला. चाक तिथे नव्हतं.

कुत्र्याने मान वळवून टेलरला कुंपणात जाताना पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

तासाभराने बायको पुलाकडून शोधत उलटी आली. टेलर कुंपणाला टेकून, हात पोटाशी धरून बसला होता.

"कसे पडलात?"

"मशीन थांबवत होतो."

दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. तिने नुसती मान हलवली आणि पदराने त्याच्या कपाळावरची माती पुसली.

मागून गाडी आली. सिस्टरांनी हात तपासला. "मोडलाय. सहा आठवडे. आणि जायचं तर पुढच्या महिन्यात आहे. म्हणजे तुमची जागा..."

"रिकामी नको," टेलर म्हणाला.

"एका हाताने कसं जाणार?"

"सिस्टर, रिकामी नको." त्याने डाव्या हाताने त्यांची बाही धरली.

सिस्टर त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या बायकोच्या सायकलकडे, हँडलला लटकणाऱ्या डब्याकडे बघत होत्या.

"बाई, मघाशी पुलापाशी तुम्ही माझ्या आधी होतात. तेव्हापासून आठवतेय, कुठे पाहिलंय." मग त्यांचा आवाज खाली आला. "चार नंबर. खिडकीजवळची. तुम्ही सहाच्या आत फाटकाशी यायचात, हीच सायकल घेऊन. पहारेकरी सोडायचा नाही, मी सोडायचे."

"हो," बायको म्हणाली.

टेलरने तिच्याकडे पाहिलं. "तू तर बसने जायचीस ना?"

"पहिली बस आठला पोचायची," ती म्हणाली. "पोर सहाला जागी व्हायची. जाग आली की आधी दाराकडे बघायची."

"चौदा किलोमीटर जाऊन, चौदा येऊन," बायकोच पुढे म्हणाली. "तुम्ही दुकान उघडेपर्यंत परत. मग काज-बटणं."

सिस्टरांनी फॉर्म काढला. टेलरचं नाव खोडून खाली तिचं लिहिलं. मग विचारलं, "सायकल चालवण्याचा अनुभव?"

खोडलेल्या नावापुढे टेलरचीच 'एकतीस वर्षं' होती.

"सत्तर दिवस लिहा," ती म्हणाली.

"पण चाचणी पुरी करावी लागेल. साठ किलोमीटर." सिस्टर बोटांवर मोजू लागल्या. "पुलापर्यंत तीस, तिथून इथवर आठ..."

"इथून घर बावीस आहे," बायको म्हणाली. "घरी तर जायचंच आहे." तिने नवऱ्याला सिस्टरांच्या गाडीत बसवलं, डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि सायकलवर टांग टाकली.

परदेशी जायला आठ दिवस उरले, तेव्हा टेलर तिच्यासाठी चड्डी बेतायला बसला. बायकोसाठी शेवटचं काय शिवलं होतं, ते त्याला आठवेना. उजव्या हाताला प्लॅस्टर. म्हणून पाय त्याचे आणि हात तिचे, असं काम चाललं. तो सांगायचा, ती कापड सरकवायची. थांबायचं झालं की तीच चाकावर तळवा ठेवायची. या वेळी तेच पॅड चारही बाजूंनी पक्के टाचायचे होते.

ऐन कामात मास्तर दारात आले. कोट अजून लोंबतच होता.

"पंधरा दिवस होऊन गेले, टेलर. खांदे?"

"सापडलेत, मास्तर. पण ते परदेशी निघालेत."

मास्तरांनी प्लॅस्टर पाहिलं. मशीनवरचं कापड पाहिलं. मग कापड धरणाऱ्या बाईकडे पाहिलं. टेलरची लेक तेव्हा त्यांच्याच वर्गात होती.

"परत कधी येतील?" त्यांनी विचारलं.

"सहा दिवस तिकडचे, दोन प्रवासाचे."

"पाहुणे त्याच्या आधीच येऊन जातील." मास्तरांनी कोटाची बाही जरा वर ओढली, ती पुन्हा खाली आली. "येऊ द्या. फक्त मला लावायच्या आधी धुऊन घ्या."

ते गेल्यावर टेलर दाराकडे बघत राहिला आणि मशीन मंदावलं.

"पाय थांबवू नका," बायको म्हणाली. "एक बाजू राहिलीय अजून."

टेलर पाय मारू लागला. त्या कामाचा त्याला एकतीस वर्षांचा अनुभव होता.