दोन ते सव्वातीन

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता हेमा बाथरूमच्या जाळीत अडकलेली वाळू चमच्याने काढत होती. वाळू अक्कांनी आणली होती. अक्का, म्हणजे हेमाची मोठी नणंद, सकाळी साडीनिशी समुद्रात बसून आल्या होत्या आणि तीच साडी त्यांनी शॉवरखाली झटकली होती. पाणी तुंबलं होतं आणि आंघोळीला अजून तिघं बाकी होते.

"एवढीशी वाळू आणि एवढं पाणी तुंबतं?" अक्का दारातून म्हणाल्या. "आमच्या नगरला मोरीतून बादलीभर राख जाते."

"नगरला समुद्र नाही, अक्का."

"तेच तर म्हणते मी! तुम्ही दोघं मिशनरी म्हणून गेलात तर आम्ही रोज प्रार्थना करायचो, वाळवंटात पोरांचं कसं होत असेल म्हणून. आणि इथं बघते तर बाल्कनीतून समुद्र!"

हेमाने चमचा पुन्हा जाळीत घातला. अमवाज बेटावरचा हा फ्लॅट चर्चच्या मंडळीतल्या एका इंजिनिअरने दुसऱ्या देशात बदली झाल्यावर त्यांना वापरायला दिला होता, हे तिने आठवड्यात चार वेळा सांगून झालं होतं. चूक शिवांगीची होती. हेमाच्या या अकरा वर्षांच्या मुलीने बाल्कनीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि दहाव्या दिवशी अक्का आणि त्यांचे यजमान दाजी बहारीनच्या विमानतळावर तीन बॅगा आणि एका पाट्यासह उतरले. पाटा वाटणासाठी होता. वरवंटा कस्टमवाल्यांनी बराच वेळ हातात तोलून पाहिला होता.

हेमा सकाळी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची. तिचा नवरा सदानंद पाळक, म्हणजे पाद्री होता. त्याची मंडळी म्हणजे मुख्यतः सलमाबादच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारे तीस-पस्तीस मराठी वेल्डर, फिटर आणि ड्रायव्हर. त्यांना सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारची. मनामातल्या एका जुन्या चर्चच्या आवारात त्यांना एक हॉल मिळाला होता, दोन ते सव्वातीन. त्याआधी तिथे तमिळ मंडळी, त्यानंतर साडेतीनला तेलुगू मंडळी. आवाराचा नियम साधा होता: वर्षात तीनदा वेळ ओलांडली की स्लॉट दुसऱ्याला. मराठी मंडळीने दोनदा ओलांडली होती, एकदा नाताळच्या केकमुळे आणि एकदा सदानंदच्या उपदेशामुळे. मग उरला असता मंगळवार, रात्री नऊचा. त्या वेळी सलमाबादहून एकही माणूस येऊ शकत नव्हता. थोडक्यात, आज सव्वातीनच्या पुढे गेलं की मंडळी संपली.

"दाजींना काही बोलायला लावू नका," हेमाने आदल्या दिवशीच नवऱ्याला बजावलं होतं.

"अगं, नगरच्या मंडळीचे पंच आहेत ते. पाहुण्या वडीलधाऱ्या माणसाला दोन शब्द बोला म्हणायची रीत आहे आपल्यात. नाही म्हटलं तर गावभर होईल."

"दोन शब्द? बाराव्या मिनिटाला ते स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंत येतात."

"मग शेवटची प्रार्थना देतो. प्रार्थनेत माणूस किती बोलणार?"

हेमाने या प्रश्नाचा अभ्यास केला होता. नऊ दिवसांत दाजींच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेची सरासरी साडेसहा मिनिटं पडत होती. भाजी जितकी नावडती, तितकी प्रार्थना लांब. कारल्याच्या दिवशी अकरा मिनिटं झाली होती. आणि ते एका ताटासमोर. समोर पस्तीस माणसं असताना काय होईल, याचा हिशेब तिने मुद्दाम केला नव्हता.

वाळू निघाली, आंघोळी झाल्या, पण निघायला पाऊण वाजायच्या ऐवजी दीड वाजला. खाली दाजींनी वॉचमनला "सलाम" केला. नगरच्या ख्रिस्ती घरांत भेटेल त्याला सलाम म्हणतात, आणि इथे प्रत्येक जण तितक्याच प्रेमाने परत सलाम करत होता, त्यामुळे दाजी या देशावर बेहद्द खूश होते. वॉचमनची विचारपूस करण्यात आणखी सहा मिनिटं गेली.

"दाजी, यल्ला, यल्ला! चला!" सदानंद स्टिअरिंगवरून ओरडला.

"येतो रे. माणसाशी दोन शब्द बोलायला नकोत?"

उपासना दोन वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. सदानंदने गीतांची कडवी कापली, उपदेश अर्ध्यावर आणला, सूचना एका दमात वाचल्या. तीन वाजून सहा मिनिटांनी तो म्हणाला, "आता नगरहून आलेले आमचे दाजी थोडक्यात शेवटची प्रार्थना करतील." "थोडक्यात" या शब्दावर त्याने इतका जोर दिला की माइक कुरकुरला.

दाजी पुढे आले. निवृत्त मुख्याध्यापकाच्या सवयीने त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत नजर टाकली, सगळ्यांचे डोळे मिटल्याची खात्री केली आणि मग स्वतःचे मिटले.

तीन वाजून दहापर्यंत त्यांनी विमानाबद्दल आभार मानले. पायलट, हवाई सुंदरी आणि वरवंटा परत देणारा अधिकारी, सगळे आले. बारापर्यंत बहारीनचे राज्यकर्ते, रस्ते आणि गोडं केलेलं समुद्राचं पाणी झालं. हेमाने एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं आणि शेजारी येऊन बसलेल्या नवऱ्याला कोपर मारलं.

"आमेन!" सदानंद मोठ्याने म्हणाला. हा इशारा होता.

"आमेन!" मंडळीने साथ दिली.

"होय प्रभू!" दाजींना हुरूप आला. "आता तुझ्या या लेकरांची नावं तुझ्यापुढे आणतो."

हेमाचे दोन्ही डोळे उघडले. गुरुवारी दाजी सदानंदबरोबर सलमाबादच्या कॅम्पमध्ये जाऊन चार तास बसले होते. तेव्हा तिला बरं वाटलं होतं, घर शांत होतं म्हणून. आता कळलं की त्या चार तासांत त्यांनी प्रत्येकाला घरचं विचारलं होतं, आणि त्यातलं काहीही ते विसरले नव्हते. राहुरीच्या गौरवच्या आईचा मोतीबिंदू. कोणाच्या मुलीची बारावी. कोणाची बायको, जी तीन महिने फोन उचलत नव्हती. बाकांवरून नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले. कोणालाही प्रार्थना संपायला नको होती. प्रत्येक जण आपल्या नावाची वाट बघत होता.

तीन वाजून सोळा मिनिटांनी दार उघडलं. आवाराच्या ऑफिसचे कोशीसाहेब वही आणि पेन घेऊन आत आले. ते शिस्तीचे माणूस होते, पण त्याआधी भाविक होते. चालू प्रार्थना तोडणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी वही छातीशी धरली, मान खाली घातली, डोळे मिटले. आता घड्याळ बघणारंही कोणी उरलं नाही.

"आई, इट्स थ्री ट्वेंटी-एट," शिवांगी कुजबुजली. एवढी एकटी तरी जागरूक होती.

कोशीसाहेबांच्या मागून तेलुगू मंडळी आली. कीबोर्ड, गिटार, लहान मुलं, स्टीलचे डबे. त्यांनी प्रार्थना चालू पाहिली आणि जिथे उभे होते तिथेच डोळे मिटले. दाजींना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं: पुढचा आमेन दुप्पट मोठा आला. दाजींचा आवाज चढला. अजून एकोणीस जणांची नावं बाकी होती.

हेमाने अक्कांकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला थांबवण्याची काहीतरी युक्ती त्यांना नक्की सापडली असणार. अक्का डोळे मिटून गाढ झोपल्या होत्या. बहुधा हीच ती युक्ती.

मंडळीत हेमाचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. ती गातानाही फक्त ओठ हलवायची. पण प्रार्थना थांबवायला प्रार्थनाच लागते. दाजी श्वास घ्यायला थांबले, त्या अर्ध्या सेकंदात ती उठली आणि कापऱ्या, मोठ्या आवाजात एकटीच सुरू झाली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..."

प्रभूची प्रार्थना सुरू झाली की कोणी गप्प राहत नाही. पस्तीस जण मराठीत, साठ जण तेलुगूत आणि कोशीसाहेब मल्याळममध्ये म्हणू लागले. दाजींनाही म्हणावीच लागली. तीन भाषांत ती तीन वेगवेगळ्या वेळी संपली. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती.

कोशीसाहेबांनी डोळे पुसले आणि वही उघडली. "पास्टर, सॉरी. बहुत अच्छा प्रेयर था. लेकिन थर्ड टाइम है."

वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, सगळे जागच्या जागी उभे राहिले. चारला बस होती, पण कोणी हललं नाही.

तेवढ्यात तेलुगू पाद्री पुढे झाले. त्यांचा रुमाल भिजला होता. "कोशीसाब, साढ़े तीन के बाद टाइम हमारा है न? हमारे टाइम में प्रेयर हुआ, हमारे लोग खड़े थे, तो हमारा सर्विस शुरू हो गया. लेट कौन हुआ? मफी लेट, कोई लेट नहीं."

कोशीसाहेब विचारात पडले. सव्वातीन ते साडेतीन तर झाडलोटीचा वेळ होता, आणि झाडलोट करणारे दोघंही दारात डोळे मिटून उभे होते. "आप लिख के देंगे?"

"देंगे. बस एक बात. अंकल अगले फ्रायडे हमारे यहाँ प्रेयर करेंगे. और उसके बाद वाला फ्रायडे भी. हमारे लोगों का नाम भी लेना है."

"पण दाजींचं सोमवारचं तिकीट आहे," सदानंद म्हणाला.

"तिकिटाचं काय, पुढं ढकलता येतं," दाजी नम्रपणे म्हणाले. "पण घर हेमाचं आहे. तिच्यावर भार नको."

सगळ्यांनी हेमाकडे पाहिलं. कोशीसाहेबांचं पेन कागदाला टेकलेलं होतं. "मॅडम? थर्ड टाइम लिखूँ, कि नहीं?"

हेमाने बाथरूमभर वाळूचा अंदाज घेतला. दोन आठवडे, दिवसाला तीन जेवणं, प्रत्येकी साडेसहा मिनिटं. मग तिने गौरवकडे पाहिलं. तो अजून आईचा मोतीबिंदू नाकातून ओढत होता.

"मत लिखिए," ती म्हणाली. "दाजी राहतील."

पेनाचं टोपण लागलं. सलमाबादची मंडळी टाळ्या वाजवत बसकडे धावली. हेमा आवारातल्या पायरीवर बसली. तिथे अक्का आधीच फोन कानाला लावून उभ्या होत्या, ताज्यातवान्या, नगरला असलेल्या आपल्या मुलाशी बोलत.

"नाही रे चिराग, सोमवारी कुठलं येणं! हेमा सोडतच नाही आम्हाला. भर चर्चमध्ये सगळ्यांसमोर उठून म्हणाली, राहतील म्हणून. रडवेली झाली होती रे बिचारी. मी तिला म्हटलं, एवढा जीव लावतेस तर चिरागला पण बोलावून घेते, पोरांना घेऊन. पोरांना समुद्र फार आवडेल."