तहानलेल्या साहेबाची गोष्ट

लोकांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा तो मीच! या कामात माझा हात धरणारा संस्थेत कोणी नाही, असं मी मागच्या वर्षापर्यंत भेटेल त्याला ऐकवायचो. आता ऐकवत नाही. एक तर दमलोय, आणि दुसरं कारण पुढे येईलच.

आमची पद्धत सोपी. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या गावात जायचं आणि शाळेच्या अंगणात त्यांनाच त्यांचं गाव मांडायला सांगायचं. राखेचे रस्ते, विटांच्या तुकड्यांची घरं, पाल्याची झाडं. आपण तोंड बंद ठेवायचं, नकाशाला बोट लावायचं नाही. शेवटी जमिनीवर जे दिसेल ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. हे उतरवणारा माझा सहकारी म्हणजे फूटपट्टी. टोपणनावही तेच आणि स्वभावही.

त्या दिवशी कागदावर हातपंप जिथे येईल तिथेच तो गावात खरोखर बसवला जाणार होता. अख्ख्या गावाला एकच पंप, आणि वस्त्या दोन, वरची नि खालची.

तोंड बंद ठेवण्याचा नियम मी इतका मनापासून पाळला, की भिंतीला टेकल्या टेकल्या माझा डोळा लागला. आठवडाभर गावोगाव हेच चाललं होतं, शेवटी मीही माणूसच. जाग आली तेव्हा घशाला कोरड पडली होती. हाताशी एक स्टीलचा पेला पालथा दिसला. उचलला, विसळला, माठातलं पाणी गटागटा प्यायलो आणि आईने लावलेल्या सवयीप्रमाणे पेला पायाशी पुन्हा पालथा ठेवला.

अंगण गप्प झालं. मला वाटलं, लोक विचारात पडलेत. पद्धत काम करतेय.

"काही बदलायचंय का?" मी विचारलं.

"आता आम्ही काय बदलणार?" एक म्हातारे शेतकरी म्हणाले. खालच्या वस्तीतला दुकानदार मात्र उगाचच माझ्यासाठी चहा मागवायला धावला.

मग गोष्टींचा कार्यक्रम. पाण्याबद्दल एकेकाने गोष्ट सांगायची, मी लिहून घ्यायची. वरच्या वस्तीतल्या मावशी गुडघ्यावर हात देत उठल्या. रोज खालून हंडा चढवून त्या गुडघ्यांची पार वाट लागली होती.

"एक होता साहेब," त्या म्हणाल्या. "वरच्या बायांनी सकाळभर भांडून एक पंप मिळवला होता. साहेबाला लागली तहान. त्यानं पंप उपटला, पाणी प्यायला आणि नेऊन ठेवला खाली, दुकानाच्या दारात. आता साहेबाला कोण बोलणार?"

"वा, मावशी!" मी लिहिता लिहिता म्हणालो. "फार जुनी दिसते. कुणाकडून ऐकलीत?"

"जुनी कसली? आजचीच आहे."

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता पायाशी नजर गेली. तिथे, माझ्या पायापर्यंत पसरलेल्या नकाशात, विटेचा एक मोठा तुकडा होता, म्हणजे दुकान. त्याच्या दारात माझा पेला, म्हणजे पंप. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू द्या हो साहेब," दुकानदार म्हणाला. "चांगला दिसतोय तिथं."

मी घाईघाईने वाकलो, तर फूटपट्टी कडाडला. "हात लावू नका. नियम आहे."

"मघाशी घसा सुकला तेव्हा कुठं गेला होता तुमचा नियम?" असं म्हणत मावशींनी पेला उचलला, वरच्या वस्तीत नेऊन ठेवला आणि त्याच्या शेजारी, राखेच्या रस्त्यावरच, मांडी घालून बसल्या. "काढा आता. कागदावर आल्याशिवाय मी उठत नाही."

फूटपट्टीने दिसलं तसं उतरवलं. पंप, आणि पंपाशेजारी बसलेली बाई. ऑफिसात मोठ्या बाईंनी विचारलं, "ही खूण कसली?"

"देखरेख समिती," मी म्हणालो.

पंप वरच बसला. पाहणीला गेलो तेव्हा मावशींनी पहिला पेला मलाच भरून दिला. पाणी गार होतं, प्यायलो. मग रिकामा पेला हातात धरून तसाच उभा राहिलो. कुठे ठेवू, हे विचारायची हिंमत होईना.