डावीकडच्या सीटसाठी एक ट्रॉली

मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुळात ओझ्याचा इतिहास आहे. माणसाने ओझं आधी डोक्यावर घेतलं, मग बैलावर टाकलं, मग चाक शोधलं. आणि चाकानंतर सुमारे पाच हजार वर्षांनी, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, पोलादपूर तालुक्यातल्या टेपाच्या वाडीत एका छोट्या मोटारीच्या मागच्या सीटवर डावीकडे तांदळाची गोणी बसली आणि चंद्राबाई ओटीवर राहिल्या. संस्कृती पुढे गेली. चंद्राबाईंचं हे राहण्याचं तिसरं वर्ष होतं.

चंद्राबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांची मुलगी पूनम विरारला असते आणि पूनमला सेजल नावाची मुलगी आहे. पूनमला सुट्टी मिळते ती सासरच्या गावी खर्च होते, त्यामुळे चंद्राबाईंनी नातीला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोनवर पाहिलं आहे, पण वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते आणि सेजल फोन जवळ धरते. तेव्हा आजवर आजीला नातीचं कपाळ आणि विरारच्या घरातला पंखा एवढंच दिसलेलं आहे. (पंखा चांगला आहे, असं त्या सांगतात.)

चंद्राबाईंचे दीर भागोजी. भागोजींचा मुलगा सुनील हाही विरारलाच असतो आणि दर मे महिन्यात बायको, गौतमी व ओम ही दोन मुलं यांना घेऊन मोटारीने वाडीत येतो. माणसं चार, सीट पाच. गणिताने पाचवी सीट चंद्राबाईंची. पण सेजलच्या बारशाला चंद्राबाईंचं प्रतिनिधित्व तीस किलो तांदळाने केलं, पहिल्या वाढदिवसाला कडव्या वालांनी आणि दोन फणसांनी केलं, आणि जावळाला पुन्हा तांदळाने. यंदा पंधरा जूनला सेजल शाळेत जाणार आहे. आजी आली तरच जाईन, असं तिने टाकीवरच्या फोनवर सांगितलेलं आहे, आणि आजीने येते म्हटलेलं आहे.

एसटीने का जात नाहीत, असं आपल्या मनात आलं असेल. चंद्राबाईंना बस लागते. पोलादपूर ओलांडायच्या आत त्यांना उतरवावं लागतं. वीरहून रेल्वे आहे, पण वीरपर्यंत रिक्षा करावी लागते आणि रिक्षातही तोच प्रकार. छोटी मोटार मात्र लागत नाही. एकदा महाडच्या दवाखान्यात नेताना हे सिद्ध झालेलं आहे.

आता वाडीची एक रीत सांगितली पाहिजे. मुंबईकडे जाणारी गाडी ज्याची असते त्याची फक्त चावी असते. जागा वाडीची असते. जाण्याच्या आदल्या दिवसापासून लोक येतात आणि विचारतात, "गाडी रिकामीच जातेय ना?" हा दिसायला प्रश्न आहे. याला 'हो' म्हणायचं असतं. मग नाचणी येते, आमसुलं येतात, सुकी मासळी येते, फेण्या येतात, पिठाचा डबा येतो, केरसुणी येते (विरारच्या केरसुणीने केर निघत नाही), पाय बांधलेला कोंबडा येतो. प्रत्येकावर नाव आणि स्टेशनची दिशा असते, पूर्व की पश्चिम. सुनील हे सगळं घरोघर पोचवतो. (सुनील एका कुरियर कंपनीत नोकरीला आहे. तिथे पंधरा किलोच्या वर पार्सल घेत नाहीत.)

तर गेल्या वर्षी चंद्राबाई तिसऱ्यांदा राहिल्यावर वाडीला फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यात वाडी कधीच कमी पडलेली नाही. भागोजींनी बैठक बोलावली आणि 'लघुचारचाकी अनुगामी बहुउद्देशीय भारवाहक समिती' स्थापन झाली. उद्देश एकच: सामान मागच्या ट्रॉलीत जावं आणि चंद्राबाई डावीकडच्या सीटवर बसाव्यात. मी महाडला राहतो, निवृत्त आहे, भागोजींबरोबर शाळेत होतो आणि माझं अक्षर बरं आहे, एवढ्यावरून मला चिटणीस नेमलं. ट्रॉली निघेपर्यंत बैठका अकरा झाल्या. सर्व चंद्राबाईंच्या ओटीवर झाल्या व चहा त्यांनीच केला.

ट्रॉली बनवायला महाडचा जुल्फिकार मिस्त्री ठरला. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं ग्रिल-गेटचं दुकान आहे. सतरा वर्षं तो मस्कतला होता. तिथे छोट्या गाड्यांमागे ट्रॉली लावून लोक होड्या नेतात, असं त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं.

"होडी?" भागोजी म्हणाले. "ती पान्यात चालते ना रे?"

"चालते."

"मग रस्त्यानं कशापायी नेतात?"

"त्यांच्याकडं फनस नाय, भागोजीदादा."

हे सर्वांना पटलं. मग जुल्फिकारने ओटीवर खडूने ट्रॉली काढली आणि खडू खाली ठेवून म्हणाला, "ट्रॉली मी करतो. पन माझं एक ऐका. आधी म्हातारीला बसवा, मग सामान भरा. उरंल ते उरंल."

"आनि उरलेलं कुनाचं असंल?" भागोजींनी विचारलं. "त्याच्या घरी तू जाशील सांगायला?"

मिस्त्रींच्या सूचनेवर पाऊण तास चर्चा झाली. सूचना उत्तम आहे, तिला काही खर्च नाही आणि ती उद्यापासून अंमलात येऊ शकते, याबद्दल दुमत नव्हतं. मात्र ती स्वीकारल्यास ट्रॉलीची आवश्यकताच उरत नाही, आणि समिती तर ट्रॉलीसाठी नेमलेली आहे. सबब ती 'इतर विषय' या सदराखाली घेऊन आभारपूर्वक निकाली काढण्यात आली.

पुढच्या बैठकांत 'बहुउद्देशीय' या शब्दाची चिंता सुरू झाली. एकदा ट्रॉली होणारच आहे तर ती वर्षाचे बारा महिने उपयोगी पडावी. भागोजींनी बोकडाचा कप्पा सुचवला. सुंदराबाईंनी कोंबड्याच्या कप्प्याला खिडकी मागितली, कारण त्यांचा गेल्या वर्षीचा कोंबडा विरारला उतरला तेव्हा दोन दिवस आरवला नाही. झाकण उलटं केलं की लग्नात वाढपाचं टेबल व्हावं. टेबल उभं केलं की सत्कारात व्यासपीठ व्हावं. एप्रिलमध्ये पाण्याची टाकी बसावी, पावसाळ्यात आत पेंढा राहावा, आणि बांबू न्यायला मागे भोक असावं. भोकातून पाणी आत येऊन पेंढा भिजेल, असं जुल्फिकार म्हणाला. भोकाला झाकण असावं, असं ठरलं. झाकण हरवेल, असं सुंदराबाई म्हणाल्या. झाकण ठेवायला कप्पा असावा, असं ठरलं.

नवव्या बैठकीत चंद्राबाईंनी चहाचे कप गोळा करता करता विचारलं, "आनि मी कुटं बसनार?"

"गाडीत, वयनी," भागोजी म्हणाले. "तुमच्यासाठीच चाललंय हे."

"तसं न्हवं. गाडी ओढंल ना येवढं?"

हा प्रश्न तांत्रिक असल्याने मिस्त्रींकडे सोपवण्यात आला. मिस्त्रींनी व्यासपीठ काढून टाकलं.

क्षमतेचा हिशेब मात्र समितीने चोख केला. गेल्या वर्षी मोटारीत एकूण दोनशे चाळीस किलो माल गेला होता (सर्वांच्या आठवणीवरून, कोंबडा अंदाजे). त्यात साठ किलो वाढ धरून ट्रॉली तीनशे किलोची केली. म्हणजे सगळं सामान मागे मावून वर जागा उरणार, आणि मोटार पूर्ण रिकामी. कागदावर हा हिशेब मी तीनदा तपासला. त्यात एकही चूक नाही, आजही नाही.

यंदा एप्रिलमध्ये ट्रॉली तयार झाली. रंग निळा. सुनील मे महिन्यात आला तेव्हा हूक बसवून चाचणी घेतली. पुढे जाताना ट्रॉली अत्यंत सुशील आहे. मागे जाताना तिचं वेगळं मत असतं. चालक डावीकडे वळवतो तेव्हा ती उजवीकडे जाते. देवळासमोर गाडी वळवताना सुनीलने बारा प्रयत्न केले आणि तेराव्यात ट्रॉली पांडूच्या गोठ्याच्या कुडातून आत गेली. आतली म्हैस उठलीसुद्धा नाही. शेवटी हूक काढून आठ जणांनी ट्रॉली उचलून फिरवली. अहवालात याची नोंद 'मागे जाण्याची सोय: हस्तचलित' अशी केली आहे. विरारला वळायची वेळ आली तर तिकडेही आठ जण हवेत, म्हणून पांडूचा विरारला असणारा मुलगा साहिल याला फोन करून माणसं तयार ठेवायला सांगितलं.

जाण्याचा दिवस रविवारचाच होता. जुल्फिकार मुद्दाम महाडहून आला आणि आल्या आल्या त्याने चंद्राबाईंना हाताला धरून मोटारीत डावीकडे बसवलं. "आता हितनं उठायचं नाय, चाची," म्हणाला. चंद्राबाई नवं लुगडं नेसल्या होत्या. मांडीवर सेजलसाठी शिवलेली लहानशी गोधडी होती. सकाळचे साडेसहा वाजले होते.

मग लोक येऊ लागले.

ट्रॉली होणार हे वाडीला वर्षभर माहीत होतं. शेजारच्या दोन वाड्यांनाही माहीत होतं. जे दरवर्षी पाच किलो पाठवत ते 'जागा आहे' म्हणून पंधरा घेऊन आले, आणि जे 'कशाला त्रास' म्हणून काहीच पाठवत नसत ते पाटा-वरवंटा घेऊन आले. आठपर्यंत ट्रॉलीत तीनशे किलो भरले. नऊपर्यंत डिकी भरली. साडेनऊला गौतमीच्या आणि ओमच्या पायाखाली नाचणी गेली आणि त्यांचे गुडघे हनुवटीला आले. ट्रॉलीत तीनशे आणि मोटारीत दोनशे दहा. येथे समितीला एक नियम सापडला, जो मी शास्त्रज्ञांच्या माहितीसाठी देतो: सामान हे कधीच जागेएवढं नसतं, ते जागेपेक्षा एक गोणी जास्त असतं. जागा वाढवली की गोणी पुढे सरकते, पण असते.

तरीही दहा वाजता डावीकडची सीट शाबूत होती आणि तिच्यावर चंद्राबाई होत्या. हे मी आवर्जून नोंदवतो. ट्रॉली यशस्वी झाली होती.

याच वेळी मी माझा फणस आणला.

माझी मुलगी ठाण्याला असते. तिला कापा फणस आवडतो. आमच्या महाडच्या परड्यातला, चौदा किलोचा, तयार झालेला. मी चिटणीस म्हणून वर्षभर राबलो होतो आणि ठाणे वाटेवरच आहे. मी सुनीलला सहज विचारलं, "गाडी रिकामीच जातेय ना?"

सुनीलने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांचा वर्गमित्र. "हो काका," म्हणाला.

ट्रॉलीचं झाकण उघडेना. डिकीचं मिटेना. मी फणस घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. चंद्राबाई काचेतून बघत होत्या.

"कापा हाय का, भाऊ?"

"कापा."

"वास सुटलाय. उद्या फुटंल." मग त्यांनी दार उघडलं. "आना हितं. फनस थांबायचा नाय, मी थांबते. मला काय, मी पुढल्या सालाला पन हाय."

सगळे 'नको, नको' म्हणाले. (इतिवृत्तात 'नको' दोनदा नोंदलेलं आहे.) जुल्फिकार मागे जाऊन हुकाकडे बघत राहिला. हुकात काही दोष नव्हता.

चंद्राबाईंनी फणस स्वतः सीटवर ठेवला आणि वाटेत ठेचला जाऊ नये म्हणून भोवती गोधडी गुंडाळली. सुनीलने गाडी सुरू केली तशी ती पीं पीं करू लागली. हल्लीच्या गाड्यांना सीटवर वजन आलं की पट्टा लागतो. गौतमीने फणसाला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. गाडीच्या दृष्टीने पाचवं माणूस बसलं होतं.

"आजी, मग सेजलला काय सांगू?" गौतमीने काच खाली करून विचारलं.

"सांग, गोदडी ऊन हाय म्हनावं," चंद्राबाई म्हणाल्या, आणि कप धुवायला आत गेल्या.

ट्रॉली साडेदहा तासांत विरारला पोचली. आठ जण हजर होते. फणस गोड निघाला. गोधडी पूनमकडे पोचली. चिकाचे डाग कशाने जातात, असं विचारायला तिचा टाकीवर फोन होता. तेलाने जातात, असं चंद्राबाईंनी सांगितलं. बाराव्या बैठकीत समितीने सर्वांचे आभार मानले आणि पुढच्या वर्षी सहाशे किलोची, चार चाकांची ट्रॉली करण्याचं एकमताने ठरवलं. चहा चंद्राबाईंनी केला. जुल्फिकारला निरोप पाठवला होता, पण त्या दिवशी त्याला गेटचं काम होतं.

आपण म्हणाल, काय ही माणसं. जरूर म्हणा. फक्त म्हणण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन गावाहून आलेल्या तांदळाचा डबा उघडून बघा, आणि तो कुणाच्या सीटवर बसून आला हे आठवतं का ते पाहा. विचारलं होतंत तेव्हा?

पण आपल्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. लिहायला कारण असं की आज जूनची सात तारीख आहे आणि शाळा पंधराला उघडते. आपल्यापैकी कुणी छोटी मोटार घेऊन पोलादपूरवरून विरारकडे जाणार असेल तर चंद्राबाईंना न्यावं. वजन बेचाळीस किलो, सोबत काही नाही, मागची डावीकडची सीट पुरते. वाडीत शिरताना गाडी रिकामी आहे हे कुणाला कळू देऊ नका.

आणि जाताना महाडला माझ्या दारात एक मिनिट थांबाल का? आमसुलांची एक पिशवी आहे, ठाण्याला द्यायची. अगदी लहान आहे. चंद्राबाईंच्या मांडीवर मावेल.