सहा तारांची मोजणी

गाडेकाका लग्नपत्रिकासुद्धा उत्तरेकडे तोंड करून वाचतात. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली, त्यामुळे हातात कोणताही कागद आला की "आधी दिशा लावा," म्हणत ते जागच्या जागी फिरतात. एकदा कुकरचं माहितीपत्रक घेऊन फिरताना आमच्या तुळशीवर आदळले.

सावेडीत आमच्या दोन घरांची भिंत एकच. महिनाभर त्या भिंतीतून गिटार ऐकू येत होती. काकांची लेक मीनल बंगळूरला नोकरीला असते; तिची कॉलेजातली गिटार इथे कपाटावर पडून होती. ती तिकडे नव्याने शिकू लागली आणि तिने काकांना एक सोपी धून लिहून पाठवली. रविवारच्या फोनवर दोघांनी मिळून वाजवायचं ठरलं.

धून कसली, मिक्सरमध्ये चमचा पडल्याचा आवाज! शनिवारी मी तडक गेले.

"काका, कागद दाखवा."

कागदावर सहा आडव्या रेघा, म्हणजे सहा तारा. रेघेवरचा आकडा सांगतो, बोट गिटारच्या दांडीवरच्या कितव्या घरात दाबायचं. जाड तारेची रेघ सगळ्यात खाली काढतात. पण गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर येते. हे काकांना खपलं नाही. त्यांनी कागदच उलटा धरला. तारा जुळल्या, पण धून शेवटाकडून सुरू झाली.

"आकडे उलटे दिसतात ना?"

"साहेब टेबलाच्या पलीकडं, नकाशाचं तोंड त्यांच्याकडं. जन्मभर उलटेच आकडे वाचले मी."

"आणि हे? 'बाबा, इथून सुरुवात.' बाण काढलाय चांगला!"

"वाचलं की. पोरगी दिशेत पहिल्यापासून कच्ची हाय."

मी कागद सुलटा केला, रेघांना नंबर दिले आणि त्याच नंबरांच्या चिठ्ठ्या तारांच्या टोकांशी चिकटवल्या. काका एकदम खूश.

"आसं! गट नंबर टाकले की बांधाची भांडनं मिटत्यात."

रविवारी मला मोबाईल धरायला बसवलं. मीनलची धून केव्हाच वाजवून झाली. काका जीभ बाहेर काढून अजून मध्यावर. ती थांबली, हसली आणि त्यांच्या संथ गतीनं पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागली. या खेपेला दोघांची धून बरोबरच संपली.

"जमलं की बाबा! आता पुढची पाठवते. सोपीच."

"सोपी नको."

एरवी तिचा फोन "जेवलात का, गोळी घेतली का" एवढ्यावर आटोपतो. काकांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"जरा लांबलचक पाठव," ते म्हणाले. "लई रविवार पुरंल अशी."