एकशे पंधरा इंच

घाडीमामा कुठलंही दार पाठीने उघडतात.

एप्रिलमध्ये आमच्या मुलुंडच्या कॉलेजात उन्हाळी वर्गाचा पहिला तास चालू होता. मी फळ्यावर 'बिंदू, रेषा, प्रतल' एवढंच लिहिलं होतं. तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि आधी एक पाठ आत आली. पांढरा शर्ट, मानेवर घडीचा रुमाल. त्या पाठीने दार अडवून धरलं, सावकाश दोन पावलं मागे टाकली, आणि दार परत येऊन आपटत नाही याची खात्री झाल्यावरच तिचा मालक आमच्याकडे वळला. हातात एक वही होती. चेहरा अगदी गंभीर.

"सॉरी बाई," ते म्हणाले, "जुनी सवय."

पोरं खो खो हसली. मी हसले नाही. पहिल्या दिवशी बाई हसली की पुढे सहा आठवडे तिचं कुणी ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे. तशीही मी फार हसऱ्या तोंडाची नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जितके तास तितकीच मी कॉलेजची. उन्हाळ्यात कायमची माणसं गावाला आंबे खायला जातात आणि 'महाविद्यालयीन भूमितीची तोंडओळख' माझ्या गळ्यात पडते. आर्किटेक्चर नाहीतर इंटिरियरला जाऊ म्हणणारी, बारावी झालेली पोरं असतात. जाहिरातीत 'वर्ग सर्वांना खुला' असं छापलेलं असतं, पण त्या सर्वांपैकी कुणी खरंच येईल असं छापणाऱ्यालाही वाटलेलं नसतं.

घाडीमामा आले. वय सदुसष्ट, शिक्षण नववी. चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकललं. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात, नर्सपासून डीनपर्यंत. ते नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटलं होतं आणि तिसऱ्या दिवशी माझा सगळा वर्ग त्यांना मामा म्हणायला लागला.

दार पाठीने का, हे त्यांनीच मला समजावून दिलं. पुढे पेशंट, दोन्ही हात दांडीवर, मग दाराला काय लावणार? पाठच ना! व्हरांड्यात ते डाव्या भिंतीला लागून चालायचे आणि घोळक्याने उभी असलेली पोरं दिसली की आवाज द्यायचे, "बाजू व्हा, बाजू व्हा!" पोरं खरंच बाजूला व्हायची. मी दोन वर्षं कॉलेजच्या पोरांना 'रस्त्यात उभे राहू नका' म्हणत होते, कुणी ढिम्म हललं नव्हतं.

शर्टाच्या खिशात पेनच्या जागी स्टीलची मोजपट्टी. कुठल्याही इमारतीत गेले की ते आधी जिन्याचं वळण मोजायचे आणि वहीत मांडायचे. आमच्या कॉलेजचे दोन्ही जिने त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोजले. ऑफिसातल्या हेडक्लार्क बाईंना जाऊन म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या मजल्यावर चक्कर यायची असली तर डाव्या जिन्याकडे या. उजवीकडचा जिना कामाचा नाही." त्या बाईंना खरोखरच बीपीचा त्रास आहे. त्या माझ्याकडे येऊन विचारायला लागल्या की कोण हा माणूस, आणि याला माझं कुणी सांगितलं!

भूमितीत त्यांचं डोकं बरं चालायचं, पण हॉस्पिटलच्या वाटेने. एकरूपता शिकवताना मी म्हटलं, "समजा हा त्रिकोण मी उचलला, फिरवला आणि त्या त्रिकोणावर ठेवला." मामांनी हात वर केला. "बाई, एकट्याने उचलू नका. दोन माणसं लागतात." शिरोबिंदू खाली असलेला त्रिकोण त्यांना बघवायचा नाही. "डोकं खाली करून कुणाला नेत नाहीत," असं पुटपुटत ते वही उलटी करायचे आणि मगच आकृती काढायचे. जिना चढताना डोकं पुढे, उतरताना पाय पुढे, हा त्यांचा पहिला सिद्धांत होता आणि तो ते पोरांना न विचारता शिकवायचे. समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "आमच्या एक्स-रेच्या पॅसेजच्या भिंती समांतरच होत्या बाई. पण शेवटी तीन बोटं कमी भरायच्या. मी रोज जायचो ना." मी म्हटलं, कागदावरच्या भिंती कमी भरत नाहीत. त्यावर ते म्हणाले, "तेच पाहिजे मला. कागदावरचं."

मला वाटलं, म्हातारपणी वेळ जात नाही, म्हणून येतात. मी तसं स्टाफरूममध्ये बोललेही, जरा थट्टेने. आज त्याची लाज वाटते.

चौथ्या आठवड्यात, तास संपून पोरं गेल्यावर, ते माझ्या टेबलापाशी थांबले. वहीचं शेवटचं पान उघडलं. पट्टीने काढलेली, शाईने गिरवलेली आकृती होती. काटकोनात वळणारे दोन पॅसेज आणि वळणावर अडकलेला एक लांबट चौकोन.

"बाई, हे गणित तुमच्या पुस्तकात नाही," ते म्हणाले. "पण मी याच्यासाठीच आलोय."

घाटकोपरला त्यांची जुनी चार मजली इमारत होती. लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर खोली, दारातून निघालं की एक पॅसेज, तो काटकोनात वळून दुसऱ्या पॅसेजला लागायचा, आणि पुढे जिना. दोन वर्षांपूर्वी सकाळी आठ वाजता मामींच्या छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली. दोन तरुण माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. मामांनी एकदा स्ट्रेचरकडे बघितलं, एकदा वळणाकडे, आणि म्हणाले, "नाही वळणार. खुर्ची आणा."

"त्यातला एक जण म्हणाला, काका, करून तर बघू. मी त्याच्या अंगावर ओरडलो. म्हटलं, मला शिकवतोस? चौतीस वर्षं काढली मी यात. अख्खा मजला जमा झाला होता. कुणी एक शब्द बोललं नाही. कारण बोलणारा घाडी होता."

मामींना खुर्चीत बसवून खाली आणलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथला तरुण डॉक्टर कागद भरता भरता, मान वरही न करता म्हणाला, "बसवून कशाला आणलंत? आडवं आणायचं ना."

"त्याचं चुकलं नाही," मामा म्हणाले. "त्याला कुठे माहीत पॅसेज?"

तेराव्याच्या दिवशी त्यांनी पॅसेज मोजला. दोन्हीकडे एक्केचाळीस इंच. येणारे जाणारे बघत होते, म्हणून स्ट्रेचर आणून फिरवून बघायची हिंमत झाली नाही. मग इमारत रिकामी झाली आणि पाडली. आता ते भांडुपला भाड्याच्या खोलीत एकटे राहतात. त्यांनी ती अॅम्ब्युलन्स शोधून काढली, ड्रायव्हरला चहा पाजला आणि तिचं स्ट्रेचर मोजलं. पंचाहत्तर लांब, वीस रुंद. गच्चीवर खडूने पॅसेज आखला आणि तेवढा पुठ्ठा कापून फिरवला. एकदा वळला. एकदा अडला.

"पुठ्ठा वाकतो बाई. त्याच्यावर कसा विश्वास ठेवू?"

"तिरकं करून निघालं असतं ना?" मी विचारलं.

"छातीत कळ आलेला पेशंट तिरका करत नाहीत," ते म्हणाले. "सपाटच. सपाट वळलं असतं की नाही, एवढंच सांगा. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, भूमितीत सगळं पक्कं असतं. म्हणून आलो. मी शिकून करणारच होतो, पण परीक्षा जवळ आली आणि माझ्याच्याने होत नाहीये."

मी म्हटलं, उद्या सांगते. आवाज नेहमीसारखा तुटक ठेवायचा प्रयत्न केला.

गणित सोपं होतं. बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर झालं. अशा वळणावर सगळ्यात जास्त अडचण होते ती बरोबर मधोमध, पंचेचाळीस अंशांत. तिथे स्ट्रेचरला स्वतःची लांबी आणि दुप्पट रुंदी एवढी जागा लागते. पंचाहत्तर आणि चाळीस, एकशे पंधरा इंच. पॅसेज किती देतो? त्याच्या रुंदीची दुप्पट, गुणिले दोनचं वर्गमूळ. ब्याऐंशीला मी घाईघाईत १.४ ने गुणलं. एकशे चौदा पूर्णांक आठ आले. कमी पडत होते. स्ट्रेचर वळलं नसतं, मामांचा अंदाज बरोबर होता, आणि मला इतकं हायसं वाटलं की शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मग सवयीने मी १.४१४ घेतलं. एकशे पंधरा पूर्णांक नऊ.

स्ट्रेचर वळलं असतं. वर जवळपास एक इंच उरला असता.

मी ते चार वेळा केलं. नाहूर आलं, भांडुप आलं, माझा स्टॉप मागे टाकून मी बसच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले. पोरांचा अर्धा गुण कापताना मी कधी मागेपुढे बघत नाही. गणितात दया नसते, असं मी वर्गात अभिमानाने सांगते. दुसऱ्या दिवशी मी मामांना स्टाफरूममध्ये बसवलं, कोरा कागद घेतला, आकृती काढली, एकेक पायरी समजावली आणि ब्याऐंशीला १.४ ने गुणलं.

"हे बघा मामा. दोन दशांश कमी पडतात. नसतंच वळलं. तुमचं बरोबर होतं. आता शांत व्हा बघू."

त्यांनी कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. मग घडी करून खिशात ठेवला, मोजपट्टीच्या मागे.

"मोठे उपकार झाले बाई," ते म्हणाले. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी दिवसभर खूश होते.

पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली. मामांचा पेपर मी शेवटी तपासायला घेतला. तीसपैकी अठरा. नववी शिकलेल्या माणसाला पुरे झाले. पान उलटलं तर पाठीमागे आणखी एक आकृती होती, जी मी विचारली नव्हती. दोन पॅसेज, वळणावर स्ट्रेचर, पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं मी शिकवलं होतं तसं. गुणाकार १.४१४ ने केलेला. शेवटची ओळ होती, 'म्हणून स्ट्रेचर वळले असते.' एकही पायरी चुकलेली नव्हती.

प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी मी त्यांना कँटीनमध्ये गाठलं. चहा समोर ठेवला.

"कधी कळलं?"

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी," ते म्हणाले. "तुम्ही एवढं गोड कधी बोलत नाही बाई. तेव्हाच वाटलं, काहीतरी आहे. घरी जाऊन करून बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. तुमच्यासारखी बाई. वर तुम्हाला बरं पण वाटत होतं. उगीच कशाला?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हटलं, "मामा, एक इंच. तोही नाही पुरता. दोन घाबरलेली पोरं, एवढी गर्दी. एका इंचात कसं निघालं असतं?"

"मी चौतीस वर्षं एका इंचातूनच पेशंट काढले," ते म्हणाले.

चहावर साय धरली. बाहेर पोरं प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढत होती आणि मामांना हाका मारत होती. त्यांनी 'येतो' म्हणून हात केला, पण उठले नाहीत.

"एक गोष्ट मी त्यात धरत नाही बाई. गणितात ती कुठे धरायची ते समजत नाही," ते म्हणाले. "स्ट्रेचरवर असती तर पट्टे बांधले असते. मी पायाकडे, पाठमोरा असतो. तोंडसुद्धा दिसलं नसतं. खुर्चीचा वरचा भाग मी धरला होता ना, तर तिने पाठीमागे हात करून माझा गळा धरला. तीन मजले. चारचौघांत तिने कधी माझं बोटसुद्धा धरलं नव्हतं."

त्यांनी रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. मांडीवर पसरून त्याची घडी नीट केली.

"दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, 'ओ, हळू. तुमची कंबर दुखतली.' माझं सगळं लक्ष वळणाकडे. मी म्हटलं, 'गप रव.'"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ती गप राहिली बाई. खालपर्यंत."