एकोणतीसचा पाढा आणि हिरवे अण्णा

बंगळूरच्या अख्ख्या मल्लेश्वरममध्ये चाररंगी स्क्रीन प्रिंटिंग करावं तर मीच, असं १९९६ साली मी भेटेल त्याला सांगत असे. खोटं कशाला बोला, तोवर मी लग्नपत्रिकांवर एकरंगी गणपतीच छापले होते!

पहिलं चाररंगी काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. माझे सासरे बिंदुमाधवअण्णा म्हणजे निपाणीचे निवृत्त गणिताचे मास्तर. तीन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. इथल्या मराठी मंडळात रविवारी त्यांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचा रंगीत फोटो मी छापणार होतो. बँकेची नोकरी सोडून मी हा धंदा काढला, तेव्हापासून गेली अकरा वर्षं अण्णा मला 'रंगारी' म्हणत. त्यांच्या तोंडून एकदा तरी 'जावई' ऐकायचं, एवढीच माझी इच्छा होती.

या छपाईत फोटोचे बारीक ठिपके करून प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणजे चौकटीत ताणलेली जाळी, बनवतात. स्क्रीनला लेप द्यायचा, त्यावर ठिपक्यांची फिल्म ठेवायची आणि मोठा दिवा लावायचा. उजेड लागतो तिथला लेप घट्ट होतो, ठिपक्यांखालचा पाण्यानं धुऊन जातो आणि तिथून शाई उतरते. दिवा कमी जळला तर सगळाच लेप वाहून जातो, जास्त जळला तर बारीक ठिपके बुजतात. सगळा खेळ वेळेचा! पण घड्याळ वापरणाऱ्यातला मी नव्हे. एकवीस ते तीस पाढे म्हणून झाले की दिवा बंद, हे माझं माप.

बुधवारी सकाळी निळी, पिवळी आणि काळी स्क्रीन झकास झाली. लाल दुपारी केली. वामकुक्षी आटोपून अण्णा शेजारी स्टुलावर येऊन बसले होते. संध्याकाळी नमुना छापला, तर अण्णा मेथीच्या जुडीसारखे हिरवेगार! लालचे ठिपके बुजले होते.

गुरुवारी मी लेप बदलला. दुपारी पुन्हा लाल स्क्रीन, अण्णा पुन्हा हिरवे. शुक्रवारी शेजारचा इलेक्ट्रिशियन यल्लाप्पा येऊन दिवा बदलून गेला. जाताना, "स्वल्प अॅडजस्ट माडी, सर," म्हणजे जरा सांभाळून घ्या, असा कानडी सल्लाही देऊन गेला. मी काच पुसली, फिल्म पुसली, देवाला नमस्कार केला. तरी हिरवेच. मी हिरव्याला इतका विटलो की जेवताना पानातली पालकाची भाजीही बघवेना.

शनिवारी दुपारी सुनंदानं, म्हणजे बायकोनं विचारलं, "दिवा किती वेळ लावता?"

"पाढे एकदा म्हणून होईपर्यंत."

"एकदा? मला तर स्वयंपाकघरात रोज दोनदा ऐकू येतात."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. एकोणतीस साते दोनशे तीनच्या जागी पहिल्या खेपेला माझं हटकून दोनशे तेरा व्हायचं. अण्णा स्टुलावरून म्हणायचे, "चुकलं. पहिल्यापासून." आणि मी मुकाट्यानं एकवीसपासून सुरू करायचो. दिवा आपला जळतोच आहे! ही शिस्त शाळेपासून अंगात इतकी मुरलेली की मध्ये दिवा बंद करावा हे सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात उद्याचा कोट अंगाला होतो का ते बघत अण्णाच आले. टेबलावरचे तीन हिरवे अण्णा त्यांनी चष्मा वर करून पाहिले.

"कुठं चुकलं?"

'तुमच्यामुळं' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. पण त्या कोटातल्या म्हाताऱ्याकडे बघून मी तो गिळला.

"माझाच पाढा चुकला, अण्णा."

अण्णांचा चेहरा खुलला. अकरा वर्षांत मी प्रथमच त्यांच्यापुढं चूक कबूल केली होती. त्यांनी स्टूल ओढून दिव्याजवळ घेतलं.

"चालतंय की, जावईबापू," ते म्हणाले. "म्हणा आता, एकवीस एके एकवीस."

सत्कार छान झाला. पत्रिकेवर अण्णा हिरवेच आहेत, कारण त्या दुपारीही माझं दोनशे तेरा झालं आणि दिवा जळत असतानाच पाढे पुन्हा पहिल्यापासून. आता तुम्हीच सांगा, जावईबापू म्हटल्यावर त्यांच्यासमोर घड्याळ कसं काढणार?