वरच्या मजल्यावरचे राष्ट्राध्यक्ष

आमच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाची अंत्ययात्रा निघायची. आधी ढोल, मग बिगूल, मग घोड्यांच्या टापा आणि सगळ्यात शेवटी तोफा. आम्ही खाली वरणभात कालवत असायचो. तोफ झाली की छताचा दिवा थरथरायचा आणि माझा नवरा म्हणायचा, "चला, पोचवला एकदाचा."

ही गोष्ट आखनची, दोन हजार सहा-सात सालची. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकायची चोरी. धुण्याचं मशीन लावलं तरी तळमजल्यावरच्या फ्राऊ क्रेमर जिन्यात येऊन उभ्या राहतात. आणि इथे आमच्या डोक्यावर तोफा! फ्राऊ क्रेमरना वाटायचं, वरचे आणि खालचे एकाच देशाचे, म्हणजे एकाच घरातले. त्यामुळे बोलणी मला. एका रविवारी माझं डोकं फिरलं आणि मी पीठ लागलेल्या हातानेच वर गेले.

दार उघडलं ते सोमणकाकांनी. काळा कोट, काळा टाय आणि खाली निळ्या पट्ट्यांचा पायजमा. मी तोंड उघडायच्या आत ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "ये. चपला बाहेर. शवपेटी बाहेर काढताहेत. उभं राहायचं."

"काका, अहो आवाज..."

"आल्झो, हे बघ वैशाली, नंतर. प्रोटोकॉल म्हणजे प्रोटोकॉल."

आणि खरं सांगते, भांडायला गेलेली मी, पिठाचे हात मागे बांधून पंधरा मिनिटं टीव्हीसमोर उभी राहिले. पेटी गेली. मागून रिकामा घोडा गेला, त्याच्या रिकिबीत उलटे बूट अडकवलेले. काकांनी मान खाली घातली, म्हणून मीही घातली. सोफ्याच्या कोपऱ्यात नलिनीकाकू बसल्या होत्या. त्यांची वेणी वाकडी घातलेली होती. ती काकांनी घातली होती, हे मला नंतर कळलं.

काका साठच्या दशकात इंजिनियरिंग शिकायला आखनला आले आणि इथलेच झाले. एका यंत्रांच्या कारखान्यात हयात काढली. त्यामुळे बोलण्यात नेमकेपणा फार. कुणी काही बरोबर बोललं की "गेनाऊ!" म्हणून टेबलावर बोट आपटणार. भेळेत शेव आधी की चटणी आधी, यावरसुद्धा त्यांचा प्रोटोकॉल असायचा. पण मेलेल्या राष्ट्राध्यक्षाचं हे वेड रिटायर झाल्यावरचं.

हा राष्ट्राध्यक्ष दोन हजार चार साली वारला. त्यानंतर अमेरिकेत त्याच्या आठवणींच्या व्हिडिओ कॅसेटी आणि डीव्हीडींच्या पेट्याच्या पेट्या निघाल्या. सोनेरी अक्षरं, मखमलीचं अस्तर, आत एक बिल्ला. त्याचं बालपण, त्याची भाषणं, त्याचे परदेश दौरे, इतकंच काय, त्याचे नुसते विनोद. काकांनी एकेक करून सगळ्या मागवल्या. पहिली पेटी आली तेव्हा कळलं की अमेरिकन कॅसेट जर्मन यंत्रावर चालत नाही. पडद्यावर राष्ट्राध्यक्ष काळे-पांढरे होऊन खालून वर नुसते सरकत राहिले. मग काकांनी जुन्या बाजारातून जात्याएवढं जड, सगळ्या देशांच्या कॅसेटी चालवणारं यंत्र पाठीवर मारून बसने घरी आणलं. डीव्हीडींची तीच रड. ती इथल्या यंत्रात घातली की 'या प्रदेशात चालणार नाही' अशी पाटी यायची.

"बघ," काका भडकले, "मेला तरी माणसाला व्हिसा लागतो!"

हौसेला मोल नसतं हे खरं, पण जागा लागते. त्यांच्या पेट्या काचेच्या कपाटात मावेनात. एका वर्षी गौरी बसवायला पाट मिळेना, तर काकांनी चार पेट्या रचून वर शालू अंथरला. राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यावर आमच्या गौरी जेवल्या.

यातली गंमत अशी की, हा माणूस गादीवर होता तेव्हा त्याच्या क्षेपणास्त्रांविरुद्ध जर्मनीत मोठमोठे मोर्चे निघाले आणि त्यात हे नवरा-बायको घसा फोडून ओरडले होते. मी एकदा टोचलंच, "काका, जिवंतपणी शिव्या आणि आता मखमल?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "तो शेवटची दहा वर्षं सगळं विसरला होता. बायकोलासुद्धा ओळखेना. तिने केलं त्याचं. दहा वर्षं, वैशाली! ती दोघं दुपारी काय करत असतील गं? ती त्याच्याशी काय बोलत असेल? कुठेतरी दाखवलं असेल म्हणून मी एकेक पेटी मागवतो. पण सगळे हरामखोर 'आजार जाहीर केला' इथून जे उडी मारतात, ते थेट अंत्ययात्रेतल्या घोड्यावर. मधली दहा वर्षं कोणीच दाखवत नाही."

काकूंना तोच आजार झाला होता.

सुरुवातीला काकू जर्मन विसरल्या. तीस वर्षं बोललेली भाषा, पार धुऊन गेली. मग रस्ते गेले. मग माणसं गेली. आता त्या काकांना "डॉक्टर" म्हणायच्या. जिन्यात भेटल्या की मला हळूच सांगायच्या, "हे डॉक्टर स्वभावाने चांगले आहेत हं. पण आमचे मिस्टर न्यायला आले की मी जाणार." आणि काका शेजारी उभे राहून म्हणायचे, "येतील बाई, येतील." चेहऱ्यावर सुरकुती हलू द्यायचे नाहीत. एकदा दूध करपून धूर झाला, तेव्हापासून त्यांनी शेगडीची बटणं काढून स्वतःच्या खिशात ठेवली होती. चालताना खुळखुळायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल दूर दक्षिणेत गार्चिंगला संशोधक. पोरगा गुणी, पण इथेच वाढलेला. मराठी कळायचं सगळं, उत्तर मात्र अर्धं जर्मनमध्ये. त्याने आईसाठी फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या घरात, खोली बघितली. खोली रिकामी होत होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. काका ऐकेनात. म्हणून रविवारी सकाळी तो स्वतः आला. दुपारी काकांनी मला वर बोलावलं. "तू ये. तो मला एकटा गाठून व्यवहारी, रिआलिस्टिश बनवेल," म्हणाले.

निखिलने समजुतीनेच घेतलं. "बाबा, तुम्ही सत्तरचे. रात्री झोप नाही. वजन बघा तुमचं. आणि ती... ती तुम्हाला ओळखत नाही, बाबा. तिला तुम्ही आणि तिथली नर्स, एगाल. सारखंच."

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याचं पटतही होतं. काका नुसते वाळून गेले होते. बरं, शहाणपण सांगणारा पोटचाच पोरगा. त्याला तरी कोणत्या तोंडाने गप्प बस म्हणायचं?

काकांनी आत जाऊन कोट-टाय चढवला आणि कॅसेट लावली.

"बाबा, बिट्टे, प्लीज! आज तरी नको," निखिल म्हणाला.

"बस. आज शेवटपर्यंत बघ," काका म्हणाले. "मी हे माझ्यासाठी लावत नाही."

ढोल वाजले, घोडा गेला, तोफा झाल्या. मग संध्याकाळच्या उन्हात त्या म्हाताऱ्या बाईने नवऱ्याच्या पेटीवर गाल टेकवला. टीव्हीकडे एकटक बघत बसलेल्या काकू एकदम ताठ झाल्या. पदर सावरला. आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अगंबाई! त्यांच्याकडे आज चूल पेटायची नाही." आणि उठून स्वयंपाकघरात चालू लागल्या.

"आई, नाइन, नको!" निखिल धावला. काकांनी त्याचा दंड धरला. खिशातून शेगडीचं एक बटण काढलं, बसवलं आणि काकूंच्या मागे हात न लावता उभे राहिले.

तुम्हाला सांगते, नलिनीकाकूंची ही जुनी रीत होती. आखनमध्ये शिकणाऱ्या कुणा मुलाच्या घरून वाईट फोन आला, तिकीट मिळेना, पोरगं होस्टेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसलं, की काकू बसने पिठलं-भाताचा डबा घेऊन जायच्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने न्यायचं असतं, एवढं त्यांना पक्कं होतं. नवऱ्याचं नाव गेलं, मुलाचं तोंड गेलं, ही रीत मात्र कुठेतरी खोल शिल्लक राहिली होती. काका मला कुजबुजत म्हणाले, "आठवड्यात हा एवढाच तास. पिठलं होईपर्यंत ती माझ्या घरात असते. मग विसरते आणि आम्ही दोघं ते खातो."

काकूंनी फोडणी केली. मिरची तडतडली, आम्ही सगळे खोकलो. डाळीचं पीठ त्यांनी अंदाजाने पेरलं, एक गुठळी होऊ दिली नाही. निखिल दाराला टेकून बघत होता. त्याने आईला असं उभं राहिलेलं कधीपासून बघितलं नव्हतं कोण जाणे.

पण त्या दिवशी काकू विसरल्या नाहीत. डबा भरला, झाकण लावलं, वर फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "चला. बाई एकटी असेल तिथे."

झाली का पंचाईत! डबा न्यायचा होता राष्ट्राध्यक्षांच्या विधवेकडे. तीही अमेरिकेत. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं. मी मागच्या मागे जिन्याने खाली पळाले. नवरा सोफ्यावर पेपर वाचत लोळत होता.

"आत जा आणि बाहेर येऊ नकोस," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"तू वारलायस."

बिचारा पेपर घेऊन आत गेला. टिकली काढू का, असा वेडा विचार मनात येऊन गेला. नाही काढली. दार उघडून उभी राहिले. जिन्यावरून काकू एकेक पायरी उतरत होत्या, दोन्ही हातांत डबा. मागे काका, त्यांच्या मागे निखिल.

काकूंनी मला ओळखलं नाही. डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. ऊन ऊन हात होता.

"दहा वर्षं केलंस गं त्यांचं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी सांगितलं मला."

ह्यांनी! डॉक्टरांनी नाही, ह्यांनी. मी काकांकडे बघायचं धाडस केलं नाही. आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "पण काकू, शेवटी त्यांनी मला ओळखलंच नाही हो."

काकूंची नजर डब्यावर गेली. मला वाटलं, गेला आता धागा. पण त्यांनी माझी हनुवटी धरली, लहान मुलीची धरावी तशी.

"असं म्हणू नये. आजाऱ्याला सगळं कळत असतं. कोण आपलं करतंय, कोण उशाशी बसलंय. फक्त सांगता येत नाही. तो मनातून सारखं म्हणत असणार, ही आहे ना, मग मला भीती नाही."

सोमणकाका मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. कोटाच्या बाहीत तोंड खुपसून ते हुंदके देत होते आणि फ्राऊ क्रेमर खालून वर बघत होत्या. निखिल वडिलांच्या शेजारी बसला. त्याला मराठी नीट जमेना, म्हणून सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाला, "बाबा, उद्या मी तिकडे फोन करून 'नको' म्हणून सांगतो. आणि मी इथे जास्त येतो. मला वेणी घालायला शिकवा."

काकूंना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डब्याकडे होतं.

"रडणं आहेच गं आयुष्यभर," त्या म्हणाल्या. "आधी दोन घास खा. पिठलं निवतंय."